पथ्य आणि परिचर्या : उच्च शिक्षणाचा एक उपेक्षित मार्ग

शिक्षणाचे मार्ग आज पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढले आहेत. परंतु आपल्या घरांतील आईबापांचा विचार अद्याप दोनतीन मार्गांपलीकडे जात नाहीं. मुलगी हुशार निघाली कीं ती डॉक्टर व्हावी. तें न साधल्यास इंजिनियर व्हावी. आणि दोन्हीही न साधल्यास पुढें काय, या चिंतेंत सारें घर बुडून जातें. अशा वेळीं कोणीं परिचारिकेच्या शिक्षणाचें नांव काढलें तर बैठकींतील मंडळी क्षणभर गप्प होतात. आणि आहारशास्त्राचें नांव काढलें तर ‘स्वयंपाक शिकावयास विद्यापीठ कशाला?’ असा विनोद होतो. या दोन विद्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, दोहोंतही पदव्युत्तर अध्ययन करतां येतें, आणि त्या अध्ययनावर रोग्यांचें जगणें-मरणें पुष्कळदां अवलंबून असतें, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. म्हणून या विषयाचा थोडा विस्तार येथें योजिला आहे.

आरंभ शब्दापासूनच करूं. ‘शुश्रूषा’ हें ‘श्रु’ म्हणजे ऐकणें या धातूच्या इच्छार्थक रूपावरून झालेलें नाम आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. सेवा हा अर्थ त्यांतूनच निघाला. जो रोग्याचें ऐकत नाहीं त्याची सेवा म्हणजे नुसती उठबस, असें हा शब्दच आपणांस सांगतो. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद मानिले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं जे चार गुण हवेत, त्यांत उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता यांची गणना आहे. यांत ज्ञानाचा निर्देश अनुरागाच्या आधीं आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत, पंधराव्या अध्यायांत, रुग्णगृहाच्या सिद्धतेचें वर्णन आहे. तेथें नेमावयाच्या परिचारकांत वरणभात रांधण्यांत निपुण असलेल्यांचाही उल्लेख येतो. पथ्य आणि परिचर्या यांची फारकत आपल्या पूर्वाचार्यांनीं केलेली नव्हती.

पश्चिमेकडेही मुळांत असेंच होतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हातांतील दिवा सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८५९ सालच्या त्यांच्या शुश्रूषाविषयक पुस्तकांत दोन स्वतंत्र प्रकरणें अन्नावर आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अन्न कसें द्यावें हें एक, आणि कोणतें द्यावें हें दुसरें. अन्नाची मुळींच वाण नसतांही रोगी उपाशी राहतात, कारण त्यांना कोणत्या वेळीं व कोणत्या रीतीनें खातां येईल इकडे कोणाचें लक्ष नसतें, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षीं, १८६० मध्यें, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची शिक्षणसंस्था निघाली. या विद्येस विद्यापीठाची पायरी चढावयास मात्र आणखी चाळीस वर्षें लागलीं. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत १८९९ सालीं अनुभवी परिचारिकांसाठीं वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९०७ सालीं मेरी ॲडलेड नटिंग तेथें प्राध्यापिका झाल्या. शुश्रूषेच्या विषयांत प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या जगांतील पहिल्याच. दोनच वर्षांनीं, १९०९ मध्यें, येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेल्या मेरी स्वार्ट्झ रोझ त्याच कॉलेजांत आल्या व त्यांनीं पोषणशास्त्राचा विभाग उभारला. दोन्ही विद्या अशा एका छपराखालीं वाढल्या.

आपल्याकडे १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचे पदवी-अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्लीच्या त्या महाविद्यालयास पुढें राजकुमारी अमृत कौर यांचें नांव मिळालें, आणि तेथेंच १९५९ सालीं पदव्युत्तर शिक्षणास प्रारंभ झाला. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठानें १९६४ मध्यें मुंबईंत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढलें. ज्या घरांतून कर्व्यांच्या कार्यास वर्गणी गेली, त्या घरांनीं या शाखेकडे पाठ फिरवावी, हें मला विसंगत वाटतें.

आतां मुख्य प्रश्न. परिचारिकेला आहारशास्त्राचें इतकें सखोल ज्ञान कशाला? १९७४ सालीं चार्ल्स बटरवर्थ नांवाच्या अमेरिकन डॉक्टरांनीं एक लेख लिहून आपल्या देशांतील वैद्यकास खडबडून जागें केलें. उत्तमोत्तम रुग्णालयांत रोगी उपासमारीनें खंगत आहेत, असें त्यांनीं दाखवून दिलें. कारणें साधीं होतीं. रोग्याची उंची व वजन कोणी लिहीत नव्हतें. तपासण्यांसाठीं जेवणें चुकत होतीं. दिवसचे दिवस रोग्यास ग्लुकोज आणि मीठ यांच्या पाण्यावर ठेवीत होते. आणि ही जबाबदारी कोणा एकाची नसल्यामुळें ती कोणाचीच नव्हती.

सलाईनवर आपल्या लोकांची श्रद्धा मोठी. बाटली लागली कीं आप्तेष्टांचा जीव भांड्यांत पडतो. त्यांनीं एक हिशेब करून पाहावा. पांच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर द्रावणांत साखर ५० ग्रॅम. तीपासून मिळणारे उष्मांक १७० ते २००. पन्नास किलो वजनाच्या रोग्यास दर किलोस २५ ते ३० प्रमाणें रोज १२५० ते १५०० उष्मांक लागतात. म्हणजे दिवसांत अशा दोन बाटल्या गेल्या तरी गरजेचा फार तर तिसरा हिस्सा भागतो, आणि प्रथिनांच्या नांवानें शून्य! रोग्याचें शरीर मग आपल्याच स्नायूंना जाळून दिवस काढूं लागतें. जखम भरत नाहीं, पाठीस व्रण पडतात, खोकण्याचें बळ राहत नाहीं.

माझ्या वडील भगिनींच्या खुब्याचें हाड मोडलें तेव्हां हें मी जवळून पाहिलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. ताट वेळेवर येई आणि जवळजवळ तसेंच परत जाई. कागदावर ‘आहार : नेहमींचा’ एवढेंच लिहिलेलें असे. पांचव्या दिवशीं परिचर्येच्या एम्. एस्‌सी.चें अध्ययन करणारी एक मुलगी आली. तिनें अक्कांना औषधाविषयीं एक अक्षर विचारलें नाहीं. सहा महिन्यांपूर्वीं लुगडें असेंच सैल होत होतें का, घरीं सकाळीं काय घेतां, गिळतांना ठसका लागतो का, दांत कोठें आहेत, असे प्रश्न तिनें केले. कवळी सामानाच्या पिशवींत निघाली. ताट ठेवीत तें टेबल अक्कांच्या हाताला पोंचत नव्हतें. त्या मुलीनें खाटेचें डोकें उंच केलें, टेबल जवळ ओढलें, आणि आहारतज्ज्ञाशीं बोलून दर दोन तासांनीं थोडें थोडें मुगाचें कढण, दुधांतील नाचणीची खीर, दह्यांत कालवलेला मऊ भात असें ठरवून दिलें. पोटांत किती गेलें तें रोज लिहून ठेविलें. हाड जोडलें शस्त्रवैद्यांनींच. पण त्या हाडावर उभें राहण्याचें बळ कोठून आलें, हें घरांत कोणास सांगावें लागलें नाहीं.

पोट भरविणें हेंही कधीं कधीं घातक ठरतें, आणि तेथें तर शास्त्राशिवाय गतीच नाहीं. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या माणसास एकदम भरपूर अन्न दिलें, तर इन्शुलिन वाढून रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम हीं द्रव्यें पेशींत खेंचलीं जातात. रक्तांत त्यांची तूट पडून हृदय व श्वास यांवर संकट येतें. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले कित्येक युद्धकैदी असे अन्न मिळाल्यावर दगावले. म्हणून अशा रोग्यास आधीं थायमिन हें जीवनसत्त्व देतात, थोड्या उष्मांकांनीं आरंभ करितात आणि रक्त तपाशीत पुढें जातात. आयुर्वेदांत शोधनानंतर पेया, मग विलेपी, मग यूष असा क्रम सांगितला आहे. त्या आचार्यांस फॉस्फेट ठाऊक होतें असें म्हणणें हास्यास्पद होईल. परंतु रित्या कोठ्यास पायरीपायरीनेंच अन्न द्यावें, हें निरीक्षण त्यांचें होतें. निरीक्षणास कारणाची जोड देणें हेंच उच्च शिक्षणाचें काम.

या जोडीचें एक थोर उदाहरण मुंबईचेंच आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण १९२८ सालीं गर्भवतींच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यास मुंबईस आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांत हा रोग फार. तिनें त्यांच्या रक्ताबरोबर त्यांच्या ताटांतील अन्नही तपासलें, आणि यीस्टपासून काढलेल्या एका स्वस्त अर्कानें हा रोग बरा होतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. आज सरकारी दवाखान्यांत गर्भवतीच्या हातीं लोह व फॉलिक आम्लाची गोळी पडते, तिच्या मागें मुंबईच्या चाळींतील त्या ताटांचा इतिहास आहे.

आतां व्यवहार पाहूं. बारावीनंतर परिचर्येची बी. एस्‌सी. चार वर्षांची असते व तींत आहारशास्त्र शिकवितातच. पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव घेऊन दोन वर्षांची एम्. एस्‌सी. करितां येते. तींत प्रौढ रुग्ण, बालक, प्रसूति, मनोरोग व सामाजिक आरोग्य अशा शाखा आहेत. पोषण ही निराळी शाखा नाहीं. परंतु बालक किंवा सामाजिक आरोग्य ही शाखा घेऊन प्रबंधाचा विषय पोषणाचा निवडतां येतो. दुसरी वाट आहारशास्त्राच्या एम्. एस्‌सी.ची, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही या विद्येची ख्यातनाम पेढी होय. कुन्नूरच्या ज्या प्रयोगशाळेंतून ती संस्था वाढली, ती १९५८ सालीं हैदराबादेस हलली. मात्र एका वाटेची पदवी घेऊन दुसऱ्या वाटेचें काम करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाहीं, हें आरंभींच जाणावें. प्रवेश घेण्यापूर्वीं महाविद्यालयास परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि त्याच्या हाताशीं खरोखर रोग्यांनीं भरलेलें रुग्णालय आहे का, हें डोळ्यांनीं पाहून यावें. इमारतीची भव्यता पाहून भुलूं नये.

आक्षेप मला ठाऊक आहेत. रात्रपाळी आहे, मलमूत्र आहे, परक्याचा स्पर्श आहे, आणि कित्येक खासगी ठिकाणीं वेतन कष्टांच्या मानानें तोकडें आहे. यांतील शेवटचा आक्षेप खरा आहे, व त्याविरुद्ध समाजानें बोललें पाहिजे. बाकीच्यांविषयीं एवढेंच विचारतों, कीं आपल्या घरांतील अंथरुणास खिळलेल्या वडीलधाऱ्यांचें तें सर्व कोणी करावें अशी आपली अपेक्षा असते? परक्याच्या मुलीनें तें करावें, तिला आपण ‘सिस्टर’ म्हणावें, आणि आपल्या मुलीनें मात्र तसें होऊं नये, हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे?

मुलींनाच नव्हे, मुलांनाही ही विद्या आज खुली आहे. यंदा ज्यांच्या घरीं बारावीचा निकाल लागेल, त्यांनीं मुलांपुढें मांडावयाच्या मार्गांत हाही एक मांडावा. निवड त्यांनीं करावी; परंतु हंसून तो मार्ग बंद करूं नये.