अपवादात्मक परिस्थितीचा पुरावा (विद्यार्थी अर्थसाहाय्य)

अपवादात्मक परिस्थितीचा पुरावा म्हणजे कमावत्या व्यक्तीचा मृत्यू, नोकरी जाणे, दीर्घ आजार किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे कुटुंबाची आर्थिक स्थिती एकाएकी खालावल्याचे दर्शविणारी कागदपत्रे होत. शिष्यवृत्ती अथवा शुल्कमाफीच्या मागणीसोबत ती सादर केली जातात. महाराष्ट्रात अशी परिस्थिती बहुधा निरनिराळ्या शासकीय दाखल्यांमधूनच सिद्ध करावी लागते.

उत्पन्नाचा दाखला

बहुतेक शासकीय योजनांचा आधार तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला हा असतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. हा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न सांगतो आणि खरी अडचण तेथेच उद्भवते. जून महिन्यात वडिलांचे निधन झाले, तरी मार्चअखेर संपलेल्या वर्षाच्या दाखल्यात त्यांचा पूर्ण पगार दिसतो. ते उत्पन्न आता थांबले आहे, हे आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे मृत्यूचा दाखला, सेवा संपुष्टात आल्याचे मालकाचे पत्र किंवा रुग्णालयाची कागदपत्रे चौकशीच्या वेळीच तलाठ्यासमोर ठेवणे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते.

अमेरिकेत ही अडचण वेगळ्या रीतीने हाताळली जाते. तेथील १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमानुसार महाविद्यालयाचा अर्थसाहाय्य अधिकारी पुरावे पाहून अर्जातील जुन्या उत्पन्नाचा आकडा त्या विद्यार्थ्यापुरता बदलू शकतो.

मृत्यूची नोंद

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. मृत व्यक्तीच्या निवासस्थानी नव्हे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील मोरवा गावच्या रहिवाशाचे मुंबईतील रुग्णालयात निधन झाल्यास दाखला बृहन्मुंबई महानगरपालिका देते, तर उत्पन्नाचा दाखला ठाणे जिल्ह्यातील महसूल यंत्रणेकडून मिळवावा लागतो. दोन्ही कागदांवरील नावात अक्षराचाही फरक असल्यास अर्ज रखडू शकतो. मृत्यूची माहिती २१ दिवसांत देणे अपेक्षित असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि, विलंब वाढत गेल्यास, वरिष्ठांची परवानगी लागते.

कोविड-१९ च्या साथीत मृत्यूच्या दाखल्यावरील कारण हाच वादाचा विषय झाला. अनेक दाखल्यांवर कोविडचा उल्लेख नव्हता. केवळ या कारणावरून राज्यांनी सानुग्रह साहाय्य नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केले. मुलांसाठीची पीएम केअर्स योजना २९ मे २०२१ रोजी जाहीर झाली. तिचा लाभ दोन्ही पालक किंवा हयात असलेला एकमेव पालक गमावलेल्या मुलांना होता. एकच कमावता पालक गेला आणि दुसरा हयात असला, तर मूल तिच्या कक्षेत येत नसे. घराचे उत्पन्न मात्र दोन्ही प्रसंगी बंद पडू शकते.

सामूहिक आपत्ती

दुष्काळात वैयक्तिक पुराव्याची गरज कमी होते. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यासोबतच्या सवलतींत शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी होती. येथे तालुक्याचे नाव यादीत असणे हाच मुख्य पुरावा ठरला. ही माफी परीक्षा शुल्कापुरती होती; वसतिगृह व भोजनाचा खर्च तिच्यात मोडत नव्हता.