न गंजणारा नळ

नेवासे येथे डॉ. सांकलिया यांच्या पथकाने १९५४ पासून केलेल्या उत्खननात एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांमधला दोरा सुमारे तीन हजार वर्षे शिल्लक राहिला. तांबे गंजताना तयार झालेल्या क्षारांमुळे दोरा कुजवणारे सूक्ष्मजीव तेथे वाढू शकले नाहीत. धातूचे गंजणे असे क्वचितच उपयोगी पडते. कारखान्यातल्या नळांना ते घातक ठरते.

नळ सर्वांत आधी कोठे खराब होतो? बहुधा सांध्यापाशी. एल्बो, टी, रेड्यूसर अशा जोडभागांत प्रवाह दिशा किंवा वेग बदलतो, भोवरे उठतात आणि धातूवरील संरक्षक थर खरवडला जातो. फ्लँजच्या फटीत द्रव साचून राहतो.

येथे टायटॅनिअम कामी येते. गंमत म्हणजे हा धातू ऑक्सिजनशी फार चटकन संयोग पावतो. पण त्यातून तयार होणारा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतो. ओरखडा पडला, तरी हवा किंवा पाणी मिळताच तो पुन्हा तयार होतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, म्हणून आतले लोखंड गंजतच राहते. शिवाय टायटॅनिअमची घनता ४.५, तर पोलादाची सुमारे ७.८ ग्रॅम प्रति घन सेंमी. म्हणून समुद्राच्या पाण्याने थंड होणारी वीजकेंद्रे, खारे पाणी गोडे करणारे प्रकल्प आणि ओल्या क्लोरीनशी संबंध येणारे कारखाने येथे टायटॅनिअमचे नळ व जोडभाग वापरतात.

मग नेवासे तालुक्यातल्या साखर कारखान्यांत सगळे नळ टायटॅनिअमचे का करू नयेत? उसाच्या रसाला पोलाद किंवा स्टेनलेस स्टील पुरते. टायटॅनिअमचे खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या वाळूतही आहे. पण त्यातून धातू मिळवण्याची क्रोल पद्धत खर्चिक आहे. जोडकामही अवघड असते, कारण तापलेला धातू हवा शोषून ठिसूळ होतो. म्हणून ते आर्गॉन वायूच्या आवरणात करावे लागते. कोरड्या क्लोरीनमध्ये तर टायटॅनिअम पेट घेऊ शकते आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात ते विरघळते.

आणखी एक धोका आपण वर्गात दाखवू शकतो. दोन ग्लासांत मिठाचे पाणी घेऊन एकात नुसता लोखंडी खिळा आणि दुसऱ्यात तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला खिळा ठेवावा. काही दिवसांत दुसरा अधिक गंजलेला दिसेल. खाऱ्या पाण्यात टायटॅनिअमला साधे पोलाद थेट जोडले, तर पोलादाची अशीच गत होते. तेव्हा नळ निवडताना धातू किती चांगला एवढेच पाहून भागत नाही. त्यातून काय वाहणार आणि त्याच्या शेजारी कोणता धातू असणार, हेही विचारावे लागते.