पंपावरचे निशाण आणि टाकीतले पेट्रोल

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेच्या परिसरात, माहुल येथे तेलशुद्धीचे दोन प्रचंड कारखाने एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. त्यांतला एक १९५४ साली अमेरिकेच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीने सुरू केला आणि दुसरा पुढच्याच वर्षी बर्मा-शेलने. स्टँडर्ड व्हॅक्यूमचा कारभार पुढे एस्सो या नावाने चालू लागला. १९७४ साली सरकारने तो ताब्यात घेतल्यावर त्याचे हिंदुस्थान पेट्रोलियम झाले, आणि १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेलचेही राष्ट्रीयीकरण होऊन कालांतराने तिला भारत पेट्रोलियम हे नाव मिळाले. गावोगावच्या पंपांवरच्या जुन्या पाट्या उतरल्या, नवे रंग आणि नवी बोधचिन्हे चढली; परंतु माहुलच्या त्याच मनोऱ्यांतून, त्याच कामगारांच्या देखरेखीखाली, तेच पेट्रोल बाहेर पडत राहिले, आणि आदल्या आठवड्यात बर्मा-शेलचे पेट्रोल भरून निघालेल्या मोटारीला पुढच्या आठवड्यातल्या सरकारी पेट्रोलाने काही निराळा अनुभव दिला असेल, असे मानायला कसलाही आधार नाही.

हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला, कारण आपल्याकडे मोटारमालक आणि दुचाकीस्वार अमुक कंपनीच्या पेट्रोलावर गाडी चांगले ॲव्हरेज देते आणि तमुक कंपनीचे पेट्रोल इंजिनाला मानवत नाही, असे ज्या ठामपणाने सांगत असतात, त्या ठामपणाची छाननी कुठून तरी सुरू करावयास हवी. तिची सुरुवात पेट्रोल जिथून निघते तिथूनच करणे सोयीचे.

देशात विकले जाणारे पेट्रोल कसे असावे, हे ठरविण्याची मोकळीक कोणत्याही कंपनीला नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांत त्याचा बारीकसारीक तपशील नमूद आहे: १५ अंश सेल्सिअसला घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोग्रॅमच्या दरम्यान असावी, साध्या आणि प्रीमियम पेट्रोलाचा ऑक्टेनांक ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नसावा, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांप्रमाणे गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत १० भागांपलीकडे जाऊ नये. त्यातच पेट्रोलाची वाहतूक हा इतका खर्चाचा व्यवहार आहे, की एका कंपनीचा कारखाना जवळ असताना दुसऱ्या कंपनीने शेकडो मैलांवरून आपला माल त्याच मुलखात आणावा, हे कोणाच्याच हिशेबात बसत नाही. सबब कंपन्या परस्परांत मालाची देवघेव करतात, आणि एका कारखान्याचे पेट्रोल नळवाहिनीने किंवा रेल्वेच्या वाघिणींनी डेपोपर्यंत आल्यावर निरनिराळ्या निशाणांच्या टँकरांत भरले जाते. म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या, भिन्न रंगांच्या दोन पंपांच्या भूमिगत टाक्यांतले साधे पेट्रोल एकाच भट्टीतून आलेले असण्याचा संभव पुष्कळ असतो.

मग कंपनीच्या नावाला काहीच अर्थ नाही काय? थोडा आहे, आणि तो जिथे आहे तिथे तो मान्य करणे न्याय्य होईल. मूळ पेट्रोल सामायिक असले तरी त्यात अल्प प्रमाणात मिसळली जाणारी रसायने, ज्यांना ॲडिटिव्ह म्हणतात, ती ज्या त्या कंपनीची स्वतःची असतात. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे रसायन म्हणजे निर्मलक. पेट्रोल जळताना आणि इंजिनाच्या उष्णतेने तापताना त्याचा काही अंश काजळीच्या व डिंकासारख्या चिकट थरांच्या रूपाने इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर साचत जातो. फवारा वाकडा पडू लागतो, हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडते, आणि गाडी सुरू व्हायला कुरकुरू लागते किंवा पिकअप घेत नाही. निर्मलकाच्या रेणूचे एक टोक या मळाला चिकटते आणि दुसरे टोक पेट्रोलात विरघळून राहते, साबणाचे कार्य चालते अगदी तसेच. त्यामुळे मळ सुटून इंधनाबरोबर वाहून जातो आणि जळून जातो.

या बाबतीत अमेरिकेतला अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलात निर्मलकाचे किमान प्रमाण कायद्यानेच सक्तीचे केले गेले. परंतु ते किमान प्रमाण अपुरे आहे असे वाटल्यावरून बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या मोटारकंपन्यांनी २००४ साली ‘टॉप टियर’ नावाचे अधिक कडक मानक आखले. पुढे २०१६ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारधारकांच्या संघटनेने चार हजार मैलांच्या प्रवासाइतके इंजिन चालवून तुलना केली, तेव्हा हे मानक न पाळणाऱ्या पेट्रोलांनी सरासरीने एकोणीस पट अधिक साका सोडल्याचे आढळले. हा फरक क्षुल्लक नव्हे. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी, की हा परिणाम हजारो मैलांच्या अवधीत हळूहळू घडतो. एका टाकीपुरते पेट्रोल बदलून दुसऱ्याच दिवशी गाडी हलकी पळू लागल्याचा जो प्रत्यय सांगितला जातो, त्याचा उगम बहुधा वाऱ्यात, रहदारीत किंवा टायरांतील हवेत असतो. दुसरी अशी, की आपल्याकडे ‘टॉप टियर’सारखे सर्वमान्य चिन्ह पंपावर पाहावयास मिळत नाही; कंपन्या आपापल्या प्रीमियम पेट्रोलाला निर्मलकाची जोड देतात, आणि २०२१ साली नवी मुंबईजवळ नावडे येथे पहिला पंप उघडणाऱ्या जिओ-बीपीने तर साध्या पेट्रोलातही ॲडिटिव्ह घालून ते नेहमीच्या दरात देण्याचे धोरण जाहीर केले. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यांच्या आतघेणीच्या व्हॉल्व्हवर मात्र पेट्रोलाचा थेंबही पडत नाही, त्यामुळे उत्तमातले उत्तम निर्मलकही तेथला मळ काढू शकत नाही. तसल्या गाडीला निर्मलकाचा लाभ होतो तो मुख्यत्वे इंजेक्टरापुरता.

प्रीमियम पेट्रोलाविषयीचा दुसरा आणि अधिक दृढ झालेला गैरसमज ऑक्टेनांकाचा. ऑक्टेनांक म्हणजे पेट्रोलाची ताकद नव्हे. सिलिंडरात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जात असताना ते ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधी आपोआप पेटू न देण्याची जी सहनशक्ती, तिचे ते माप आहे. असे अवेळी पेटणे म्हणजेच ज्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात ते. चढावर जड गाडी टकटक आवाज करते तो हाच. अधिक दाबाचे इंजिन बांधायचे तर अधिक सहनशील पेट्रोल हवे, म्हणून १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिज्ली याने पेट्रोलात शिशाचे संयुग घालण्याची युक्ती शोधली, आणि त्या युक्तीची किंमत पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या शहरांतल्या बालकांनी आपल्या रक्तातल्या शिशाने मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २००० सालच्या फेब्रुवारीत थांबली. ज्या गाडीची रचना ९१ ऑक्टेनासाठी झाली आहे तिला ९५ किंवा १०० ऑक्टेनाचे महाग पेट्रोल पाजून तिच्या शक्तीत भर पडत नाही. उलट ज्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ ऑक्टेन आवश्यक म्हणून लिहिले आहे, तिने त्याहून कमी ऑक्टेनाचे पेट्रोल घेतले तर तिचा संवेदक नॉकिंग ओळखून ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन बचावते, पण शक्ती आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. गाडीबरोबर मिळालेली ती पुस्तिका, जी बहुतेकांच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात न उघडता पडून असते, तिच्यातली ही एक ओळ कंपनीच्या सर्व जाहिरातींपेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी जो खास संबंध आहे तो इथेनॉलचा. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे. आज आपल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारे इथेनॉल टँकरांनी डेपोत येते आणि तेथेच पेट्रोलात मिसळले जाते. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले आहे. इथेनॉलचा ऑक्टेनांक चांगला, पण एका लिटरात साठलेली उष्णता पेट्रोलापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धर्तीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा ते सात टक्के आणि दुचाकींचे तीन ते चार टक्के उतरेल असा अंदाज दिला होता. गेल्या काही वर्षांत ज्यांनी गाडीचे ॲव्हरेज पडले म्हणून पंपाची कंपनी बदलून पाहिली, त्यांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या मिश्रणात असते, आणि हे मिश्रण सर्वच कंपन्यांच्या साध्या पेट्रोलात असल्याने निशाण बदलून त्यावर उपाय होत नाही.

तेव्हा ज्याची चिंता वाहावी असे काही असेल तर ते पंप हेच होय. कारखान्यातून शुद्ध निघालेले पेट्रोल डेपो ते पंप आणि पंपाची टाकी ते नोझल एवढ्या वाटचालीत भ्रष्ट होऊ शकते, आणि या भेसळीचा इतिहास आपल्या राज्यात रक्ताने लिहिलेला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात इंधनाच्या भेसळीचा प्रकार दृष्टीस पडल्यावर त्याची चौकशी करू जाणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळले. त्याआधी २००५ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांची, भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केल्याबद्दल, गोळ्या घालून हत्या झाली. ज्या पेट्रोलाच्या शुद्धतेसाठी या दोघांनी प्राण वेचले, त्याची शहानिशा करण्याचा अधिकार कायद्याने आपल्या प्रत्येकाला दिलेला असताना आपण तो कधीच बजावत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तो अधिकार बजावणे कठीण नाही. पंपावर घनतेच्या तपासणीची मागणी केली, की चालकाने पाचशे मिलिलिटरचे काचेचे उभे पात्र, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्त्यांचे पुस्तक आणून द्यावे लागते. नोझलमधून पात्र भरून घ्यायचे, त्यात हायड्रोमीटर अलगद सोडायचा आणि तो स्थिर होऊन पेट्रोलाची पातळी त्याच्या दांडीवर जिथे छेदते तो आकडा डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचायचा. त्याच वेळी तापमान टिपायचे. समजा, उन्हाळ्याच्या दुपारी ३२ अंशांना आकडा ७३० च्या आसपास आला. उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावून हलके होते, म्हणून तक्त्यातून १५ अंशांचा आकडा काढला तर तो ७४५ च्या जवळ येतो. आता टँकर आला त्या वेळच्या नोंदीचे दप्तर मागावे. त्यातील आकडा आणि आपला आकडा यांत तीनपेक्षा अधिक अंतर पडले, तर टाकीत काहीतरी पडले आहे असा संशय घेण्यास पूर्ण जागा आहे. रॉकेल पेट्रोलापेक्षा जड, म्हणून त्याची भर पडली की आकडा चढतो. हलके द्रावक पडले की उतरतो. दोन्ही मोजूनमापून मिसळणारा कसबी भेसळखोर घनतेच्या तपासणीतून निसटू शकतो, हे खरे. त्यासाठी प्रयोगशाळा आहेत, आणि टँकरमधून काढलेला नमुना मोहोरबंद ॲल्युमिनियमच्या बाटलीत पंपावर राखून ठेवण्याचा नियम याचसाठी आहे. एवढा खटाटोप नको असेल तर फिल्टर पेपर मागावा: नोझलचे तोंड पुसून त्यावर एक थेंब टाकला आणि दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला, तर सामान्यतः समाधान मानावे, तेलकट वर्तुळ मागे राहिले तर घनतेची तपासणी करूनच घ्यावी.

मापाचीही खातरजमा अशीच करता येते. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर असते, आणि त्यात पंचवीस मिलिलिटरहून अधिक तूट येता कामा नये. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यभर छापे घातले, तेव्हा काही पंपांच्या यंत्रांत बसविलेली इलेक्ट्रॉनिक चिप सापडली, जिच्या योगाने आकडा पुरा दिसे आणि पेट्रोल अपुरे पडे. नुसता ‘झीरो’ पाहून भागत नाही ते यामुळेच.

पंप निवडताना मी स्वतः त्याची विक्री पाहतो. जिथे टँकर वरचेवर रिकामे होतात, तिथे पेट्रोल टाकीत शिळे होत नाही. क्वचित विक्री होणाऱ्या आडरस्त्याच्या पंपावर, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, भूमिगत टाकीत पाणी झिरपण्याचा धोका अधिक, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलात ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शिरले की इथेनॉल पाण्याबरोबर वेगळे होऊन तळाशी बसते, जिथून पंपाचा नळ पेट्रोल खेचतो. हे ओळखण्यासाठी पंपचालक मोजणीच्या दांडीच्या टोकाला पाण्याने रंग बदलणारा लेप लावून ती टाकीत उतरवतो. भर पावसात हे काम जो रोज सकाळी विक्री सुरू होण्याआधी करतो आणि विचारल्यावर ती दांडी दाखवतो, त्याच्या पंपावर कोणत्याही कंपनीचे निशाण असले तरी मी तेथेच पेट्रोल भरीन.