स्टिअरिंग जड झाले म्हणून पंपच बदलायचा का?

ट्रकच्या स्टिअरिंगवर घर चालविणारे कितीतरी बांधव आपल्या वस्त्यांत आहेत. कुणी मालकाच्या गाडीवर आहे, तर कुणी कर्ज काढून जुनी गाडी घेतली आहे. अशाच एका बांधवाच्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग जड झाले. गॅरेजमध्ये पाहताक्षणीच ‘पंप गेला’ असे सांगण्यात आले. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे नव्या पंपात गेले आणि स्टिअरिंग जडच राहिले! खोट होती किंगपिनमध्ये. तिथे कित्येक महिने ग्रीसच पोचले नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

इंजिनवर चालणारा पंप स्टिअरिंग बॉक्समध्ये दाबाने ऑईल पाठवितो आणि तो दाब चाके वळवायला मदत करतो. म्हणजे टाकी, पंप, पाइप व बॉक्स हा एक भाग. किंगपिन, सांधे व टायर हा दुसरा. खोट कोणत्या भागात आहे, हे आधी ओळखावे.

प्रथम बिनखर्चाच्या गोष्टी पाहा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होते. मग टाकीतील ऑईल पाहा. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती शोधताना चालू इंजिनजवळ पाइपवरून हात फिरवू नका. दाबाचे ऑईल कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. ऑईलला फेस येत असेल तर आत हवा शिरली आहे. ऑईल कंपनीच्या पुस्तकात दिलेलेच घाला. ब्रेक ऑईल कधीही घालू नका, त्याने रबरी सील खराब होतात.

यानंतर किंगपिनची परीक्षा. मागच्या चाकांना ओंडके लावा, पुढचा अ‍ॅक्सल उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये. मिस्त्रीकडून ड्रॅग लिंक सोडवून चाके हाताने वळवून पाहा. तरीही जड जात असतील तर दोष पंपाचा नाही, किंगपिनचा आहे.

चाके हलकी वळली तर दोष ऑईलच्या बाजूचा. एकाच बाजूला जड जात असेल तर बॉक्समधल्या व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. दोन्ही बाजूंना जड असेल तर फिल्टर तुंबला आहे का ते पाहून, गेज लावून पंपाचा दाब मोजायला सांगा. दाब मोजल्यावाचून पंप बदलायला होकार देऊ नका. पैसे आपले आहेत; विचारण्यात संकोच कसला?

दुरुस्तीनंतर आतली हवा काढणे आवश्यक आहे. इंजिन मंद चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल भरत राहा. शेवटच्या टोकाला स्टिअरिंग दाबून धरू नका, पंप तापतो.

शेवटी एक कळकळीची सूचना. डिझेल वाचविण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करू नका. पंप थांबतो, स्टिअरिंग एकदम जड होते आणि ब्रेकसाठी नवी हवाही भरत नाही. वाचलेल्या दोन पैशांपेक्षा घरी वाट पाहणारी माणसे मोलाची आहेत.