दुनळी बंदुकीचे जतन : लकाकीपेक्षा खुणा मोलाच्या

विशेष प्रतिनिधी

जुने वाडे, संस्थानिकांच्या कोठ्या आणि शिकारीचा नाद असलेली घराणी यांच्या दिवाणखान्यात दुनळी बंदूक ही एके काळी प्रतिष्ठेची खूण होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मध्ये त्यात झालेली दुरुस्ती यांनी शिकारीचे पर्व संपुष्टात आणले आणि या बंदुका भिंतीवरून कपाटात गेल्या. आज त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती येत आहेत. अनेकदा त्यांच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर गंजलेले लोखंड म्हणून त्यांची उपेक्षा होते, नाही तर हौसेपोटी पॉलिशचा कागद घासून त्या लख्ख केल्या जातात. जाणकारांच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट अधिक घातक ठरते. गंज थोपवता येतो, पण घासून गेलेली खूण परत आणता येत नाही.

ठासणीपासून काडतुसापर्यंत

या बंदुकीची खरी जडणघडण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाली. लंडनचे कारागीर जोसेफ मँटन यांनी चकमकीच्या दुनळी बंदुकीला सुबक व हलके रूप दिले. त्यांच्याकडे काम केलेल्या जेम्स पर्डी यांनी १८१४ मध्ये स्वतःचे दुकान थाटले. अलेक्झांडर फोर्साईथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि चकमकीचे दिवस भरले. तरीही दारू व छर्रे नळीच्या तोंडातूनच ठासावे लागत. कोकणात शेतीच्या राखणीसाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक आपल्या वाचकांना परिचित आहे, तत्त्व तेच. पॅरिसच्या लफोशो यांची मागच्या बाजूने काडतूस भरण्याची बंदूक १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडली गेली आणि इंग्रज कारागिरांचे लक्ष तिकडे वळले.

पुढील तीस वर्षांत आजची दुनळी आकाराला आली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अँसन व डीली यांनी बाहेरचे घोडे काढून सारी यंत्रणा बंदुकीच्या पोटात बसवली. ही रचना ‘बॉक्सलॉक’ म्हणून ओळखली जाते. यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली असेल, तर ती ‘साइडलॉक’. १८८० मध्ये फ्रेडरिक बीझली यांनी आपल्या साइडलॉक रचनेचे पेटंट पर्डी कंपनीला दिले. ती रचना आजही त्या कंपनीची ओळख आहे. ‘बारा बोअर’ हा शब्दही त्याच परंपरेतला. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातील एका गोळीचा व्यास तोच नळीचा व्यास. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो.

नाव एकाचे, हात दुसऱ्याचे

भारतात आलेल्या बंदुकांवर अनेकदा कोलकात्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचे नाव आढळते. रॉडा म्हणजे तीच कंपनी, जिची पन्नास माऊझर पिस्तुले ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालमधील क्रांतिकारकांनी पळवली. मुंबईत काळा घोडा परिसरातील जी इमारत आजही ‘आर्मी अँड नेव्ही’ या नावाने ओळखली जाते, त्या कंपनीचे नावही बंदुकांवर दिसते. मात्र नळीवरचे नाव विक्रेत्याचे असू शकते. अशा कित्येक बंदुका प्रत्यक्षात बर्मिंगहॅमच्या छोट्या कारखान्यांत घडल्या. एक जण नळ्या जोडणारा, दुसरा यंत्रणा घडवणारा, तिसरा अक्रोडाचा दस्ता कोरणारा, चौथा नक्षीकाम करणारा, अशी कामाची वाटणी असे. त्यामुळे केवळ नावावरून बंदुकीची किंमत ठरवणे फसवे ठरते.

खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खालच्या, एरवी झाकलेल्या पृष्ठभागावर असते. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहिली जाते आणि त्यात टिकली, तरच तिच्यावर शिक्का उमटवला जातो. बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. हे शिक्के काळानुसार बदलत गेल्याने बंदुकीचे वय त्यावरून काढता येते. उदाहरणार्थ, ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द असतील, तर नळीची परीक्षा १८७५ ते १८८७ या काळात झाली आणि तिचे तोंड आतून किंचित निमुळते केलेले होते, असे समजावे. पर्डी, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड अशा कंपन्यांच्या जुन्या खतावण्या जतन झालेल्या आहेत. त्यांतून अनुक्रमांकाच्या आधारे मूळ ग्राहकाची व घडणीची माहिती मिळू शकते. अतिउत्साहात नळी घासणारा माणूस नेमका हाच पुरावा पुसून टाकतो.

सौंदर्यही नळीत, धोकाही नळीत

जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला ‘दमास्कस’ नळी म्हणतात. लोखंड व पोलाद यांचे थर एकत्र तापवून त्यांच्या कांबी केल्या जात. त्या पिळून, शेजारी शेजारी जोडून पट्टी तयार होई आणि ती पट्टी गजाभोवती गुंडाळून, ठोकून नळी बने. पुढे आम्लयुक्त द्रावणाने नळीवर सावकाश गंज चढवला जाई. लोखंड व पोलाद निरनिराळ्या रंगाने गंजत असल्याने नक्षी उठून दिसे. बर्मिंगहॅम व बेल्जियममधील लिएज ही या कामाची मोठी केंद्रे होती. अखंड पोलादाच्या नळ्या आल्यावर ही कला मागे पडली.

या नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या होत्या. धूररहित दारूचे काडतूस त्यांत वापरणे जिवावर बेतू शकते. दुसरा धोका लांबीचा आहे. जुन्या बारा बोअरचे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची अनेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. काडतुसाची ही लांबी ते उडून उलगडल्यानंतरची असल्याने लांब काडतूस जुन्या घरात सहज बसते आणि बसले म्हणजे चालते, असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. शिवाय आतील गंजाचे खड्डे काढण्यासाठी नळी वेळोवेळी घासली गेली असेल, तर तिची जाडी धोकादायकरीत्या कमी झालेली असते. पुढच्या भागात ती सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर जाणकार ती वापरास अयोग्य मानतात. डोळ्यांना हे दिसत नाही. त्यासाठी मापकच लागतो.

कुठे थांबायचे?

दुरुस्तीचा पहिला नियम म्हणजे शक्य तितके कमी करणे. दस्त्यावरील खळगा ओले फडके व गरम इस्त्री यांच्या वाफेने वर येतो. त्यासाठी लाकूड तासावे लागत नाही. तासलेले लाकूड धातूच्या पातळीखाली जाते आणि बंदुकीची ठेवण कायमची बिघडते. वर्षानुवर्षे तेल मुरून काळे पडलेले लाकूड खडूच्या बारीक पुडीने तेल शोषून उजळवता येते. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. त्याला लालसर झाक आणण्यासाठी इंग्रज कारागीर अल्कानेट नावाचे मूळ त्यात भिजत घालतात. आपल्या स्वयंपाकघरातील रतनजोत ही त्याच कुळातली.

धातूच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. दोन नळ्या व त्यांमधील पट्टी अनेकदा मऊ डाखाने जोडलेल्या असतात. आधुनिक बंदुकांना काळा रंग देणारे उकळते क्षारद्रावण हा डाख खाऊन टाकते. म्हणून येथे जुनी, सावकाश गंज चढवण्याचीच पद्धत वापरावी लागते. यंत्रणेच्या पेटीवरील निळे-तपकिरी रंग हाडांच्या व चामड्याच्या कोळशात तापवून आणलेले असतात. ते फिके पडले म्हणून पुन्हा तापवल्यास पेटी वाकू शकते. जोड घट्ट आहे की नाही, हे पाहण्यासाठी कारागीर आजही दिव्याची काजळी लावून ती कुठे उमटते, याचा माग घेतात. स्क्रूच्या बारीक खाचांसाठी प्रत्येकाच्या मापाचे पाते घासून घेणे, ही चांगल्या कारागिराची ओळख समजली जाते.

कायद्याची चौकट

‘जुनी आहे, म्हणजे परवाना नको’ ही समजूत मात्र चुकीची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ नुसार सूट मिळते ती दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच कालबाह्य वा पुरातन शस्त्राला. म्हणजे जी बंदूक पुन्हा चालती होऊ शकते, तिला परवाना हवाच. दुरुस्ती करणाऱ्याकडेही तसा परवाना असावा लागतो आणि नळी आखूड करण्यावर निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेल्या बंदुकाही त्यात मोजल्या जातात. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून परवान्यासाठी अर्ज करणे, हाच सुरक्षित मार्ग. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकत असल्याने ती परदेशी पाठवण्याचा विचारही परस्पर करू नये.

ठासणीची दुनळी सापडल्यास ती भरलेली आहे, असेच गृहीत धरावे. पिढ्यान्‌पिढ्या भरून ठेवलेल्या बंदुका आजही निघतात. परवानाधारक कारागीर नळीत गज घालून आतील व बाहेरील लांबी ताडून पाहतो आणि मगच पुढचे काम हाती घेतो. बंदूक जमा करण्यापूर्वी परवान्यावरील अनुक्रमांक, नळीवरचे नाव आणि घराण्यात तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या आठवणी लिहून ठेवाव्यात. झाकलेल्या शिक्क्यांची छायाचित्रे कारागिराकडून घ्यावीत. बंदूक पुढे घरात राहो वा न राहो, एवढी नोंद वारसांच्या हाती उरते.