कारखान्यातील जोखमीचे मूल्यांकन : मुंबईच्या गिरण्यांपासून भोपाळनंतरच्या कायद्यापर्यंत

भारतातील कामगारांच्या सुरक्षिततेचा मागोवा घेताना १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यापासून सुरुवात करावी लागते. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरत्या या कायद्याने लहान मुलांच्या कामाचे तास बांधून दिले व धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. प्रौढ कामगाराच्या पदरात मात्र त्यातून फारसे काही पडले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईत भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभेने साप्ताहिक सुटीबरोबरच अशीही मागणी केली, की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. भरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर १९२३ साल उजाडले, आणि तोही अपघात घडून गेल्यावरचाच विचार करणारा होता.

१९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांची आवरणे, जिने, धूळ, प्रकाश, वायुवीजन यांविषयी तपशीलवार नियम घालून दिले. फिरत्या पट्ट्यावर व दातेरी चाकांवर आवरण आहे की नाही, हे कारखाना निरीक्षकाला डोळ्यांनी पाहता येई, आणि गिरणीच्या काळाला ही पद्धत बऱ्याच अंशी पुरेशी होती. रासायनिक कारखान्यात मात्र संकट बंद टाकीत आणि नळीत दडलेले असते. एक झडप गळते, दुसरे उपकरण बंद असते, तिसरी सूचना कोणी वाचलेली नसते, आणि या साऱ्यांचा एकाच वेळी मेळ बसला की अनर्थ ओढवतो. म्हणूनच जोखमीच्या मूल्यांकनात धोका आणि जोखीम या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात : इजा करण्याची क्षमता म्हणजे धोका, तर ती इजा घडण्याची शक्यता आणि तिची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. ब्रिटनमधील आयसीआय या कंपनीत १९६० च्या दशकात विकसित झालेल्या हॅझॉप पद्धतीत प्रत्येक नळीविषयी ‘प्रवाह थांबला तर’, ‘वाढला तर’, ‘उलट दिशेने वाहू लागला तर’ असे प्रश्न क्रमाने विचारले जातात.

१९८४ मध्ये विषारी वायूची गळती झालेल्या भोपाळच्या कारखान्याबाबत असे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते, असे म्हणता येत नाही. मूळ अमेरिकी कंपनीच्या पथकाने मे १९८२ मध्ये तेथील सुरक्षेची पाहणी करून गंभीर उणिवा नोंदवल्या होत्या. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा त्यातील मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती, बाहेर पडणारा वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू नव्हता आणि तो जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची जोडनळी काढून ठेवलेली होती. धोका कागदावर लिहिला गेला होता. त्यावर कृती झाली की नाही, हे पाहणारी आणि न झाल्यास कारखाना थांबवणारी अधिकारी व्यक्ती मात्र कोणीच पुढे आली नाही, आणि हजारो निरपराध माणसांच्या मृत्यूचे मूळ या उणिवेतही शोधावे लागते.

१९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले. जागेची छाननी करणारी समिती, कामगारांना व परिसराला माहिती देण्याचे बंधन, आपत्कालीन आराखडा आणि सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग ही त्याची मुख्य अंगे होती. त्यातील कलम ४१-एच सर्वांत मोलाचे ठरले, कारण नजीकच्या धोक्याची रास्त शंका आल्यास ती व्यवस्थापनाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क त्याने थेट कामगाराला दिला. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी मोठ्या साठ्यांच्या कारखान्यांना सुरक्षा अहवाल बंधनकारक केला, आणि धोके ओळखून त्यांचे विश्लेषण करणे हा कायद्याने अपेक्षिलेला भाग बनला.

तथापि, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेले स्फोट पाहता, मूल्यांकनाची पद्धत लहान व मध्यम रासायनिक कारखान्यांत खोलवर रुजली आहे असे मानणे कठीण आहे. एका कारखान्याचा जोखमीचा तक्ता दुसऱ्याने जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, शक्यता आणि तीव्रता यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार मांडायचा, आणि रात्रपाळीत झडप प्रत्यक्ष फिरवणाऱ्या कंत्राटी कामगाराला मात्र काहीच विचारायचे नाही, अशा रीतीने भरलेल्या तक्त्याला मूल्यांकन म्हणता येणार नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली आहे. ज्या छोट्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी परवडत नाही आणि प्रशिक्षणही पोहोचत नाही, त्यांच्याकडे अधिक लक्ष देण्याची निकड असताना कारखान्याची व्याख्याच आक्रसणे चिंताजनक आहे.