प्रभावतीगुप्ता

प्रभावतीगुप्ता : (इ. स. चौथ्या शतकाची अखेर ते पाचव्या शतकाचा पूर्वार्ध). विदर्भातील वाकाटक वंशाच्या नंदिवर्धन शाखेची राणी व अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार करणारी राज्यकर्ती. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त व नागकुलातील कुबेरनागा यांची ती कन्या. तिचा विवाह पहिल्या पृथिवीषेणाचा पुत्र दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला.

या विवाहामागे राजकीय हेतू असावा, असे बहुतेक इतिहासकार मानतात. माळवा व गुजरात येथील पश्चिमी क्षत्रपांविरुद्ध मोहीम काढताना दक्षिणेकडील प्रबळ वाकाटकांचे सख्य चंद्रगुप्ताला आवश्यक होते. अशा सोयरिकी त्या काळी रूढ होत्या. वाकाटक राजपुत्र गौतमीपुत्र याने भारशिव नागांचा राजा भवनाग याच्या कन्येशी विवाह केला होता आणि त्यांचा पुत्र पहिला रुद्रसेन याचा उल्लेख ताम्रपटांत भवनागाचा दौहित्र असा आवर्जून येतो. चंद्रगुप्ताचा कुबेरनागेशी झालेला विवाहही याच प्रकारचा होता. पुढे प्रभावतीचा नातू नरेंद्रसेन याची पत्नी अज्झितभट्टारिका ही कुंतलाधिपतीची कन्या होती.

रुद्रसेनाच्या अकाली मृत्यूनंतर युवराज दिवाकरसेन लहान असल्याने राज्याची सूत्रे प्रभावतीच्या हाती आली. तेराव्या वर्षी नंदिवर्धन (सध्याचे नगरधन, जि. नागपूर) येथून दिलेला तिचा ताम्रपट पुणे येथे उपलब्ध झाला. त्यात दंगुण हे गाव आचार्य चनालस्वामीस दान दिल्याची नोंद आहे. त्याच्या मुद्रेवर राजाचे नाव नसून हे शासन युवराजाच्या जननीचे आहे, असे म्हटले आहे. दिवाकरसेन मात्र पुढील ताम्रपटांत राजा म्हणून आढळत नाही. त्यानंतर दुसरा प्रवरसेन गादीवर आला. सेतुबंध या प्राकृत महाकाव्याचे कर्तृत्व परंपरेने त्याच्याकडे दिले जाते. दामोदरसेन हा त्याचा भाऊ की त्याचेच पूर्वीचे नाव, याविषयी मतभेद आहेत.

प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील रिद्धपूर (जि. अमरावती) ताम्रपटही प्रभावतीचाच असून तो रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून, म्हणजे रामटेकहून, दिलेला आहे. म्हणजे पुत्र राज्य करीत असतानाही ती स्वतःच्या नावाने दाने देत होती.

दोन्ही ताम्रपटांचा आरंभ वाकाटकांच्या नव्हे, तर गुप्तांच्या वंशावळीने होतो. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध असूनही ती स्वतःचे गोत्र धारण असे सांगते. पुणे ताम्रपटात पित्याला ‘महाराजाधिराज’ व पतीला केवळ ‘महाराज’ ही पदवी आहे. यावरून तिच्या काळात वाकाटक दरबारावर गुप्तांचा प्रभाव होता, असे अनुमान केले जाते. परंतु केवळ या आधारे तिला पित्याच्या धोरणाचे साधन ठरविणे एकांगी होईल. माहेरचे कुल सांगून तिने पतीच्या राज्यात आपला अधिकार दृढ केला आणि ते राज्य अखेर वाकाटक पुत्राच्याच हाती दिले. विवाहाने जोडलेल्या दोन सत्तांपैकी एकीचे बळ घेऊन दुसरीचे रक्षण करणे, हे तिच्या कारभाराचे सूत्र दिसते. प्रवरसेनाचे ताम्रपटही त्याच्या मातामहाचा देवगुप्त या नावाने निर्देश करतात.

ती विष्णुभक्त होती. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात तिच्या नावाचा, शंखचिन्ह असलेला मातीचा मुद्रांक सापडला. ताम्रपटांवरून ज्ञात असलेल्या तिच्या शासनाला त्यामुळे प्रत्यक्ष राजधानीतील पुरावा मिळाला आहे.